नाडीवरचा वर्ताळा

शनिवारी चाकणच्या बाजारात माझ्या सासऱ्यांनी तराजूची दांडी सोडली आणि ते खाली बसले. सकाळचे नऊ वाजले होते. त्यानंतर त्यांनी पोतं उचललं नाही.

तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की जगातला प्रत्येक पदार्थ देवाने माझ्या सासऱ्यांनी तोलावा म्हणूनच घडवला आहे. ते कांद्याच्या बाजारात मापाडी होते आणि घरीही मापाडीच राहत. मोजायला बसले की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. बाजारात सगळेच तसं म्हणतात, पण हे जिन्याच्या पायऱ्याही ‘लाभ’पासून मोजत. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलीला सांगितलं, “मास्तर दीड मणाला पाच शेर कमी हायेत. पर माल सुका हाय, घट न्हाई यायची.” त्यांचा सगळा अभिमान एका गोष्टीत होता. तोल झाला, दांडी सरळ राहिली, की ते आणखी मूठभर कांदे पारड्यात टाकत. या वरच्या मुठीला वर्ताळा म्हणतात. इतर मापाडी तो मालाच्या धन्याच्या तोंडाकडे बघून टाकत. सासरे धन्याकडे पाठ करून टाकत. “आमच्या हातनं माप कमी भरलं असं म्हननारा अजून जल्मायचाय,” असं ते म्हणत आणि ते खरं होतं.

तर ते खाली बसले. श्वास पुरेना, पावलं इतकी सुजलेली की वहाणा चढेनात. मी त्यांना एस.टी.ने चिंचवडच्या एका तरुण डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पावलावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. हृदय थकलंय, ते म्हणाले. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, “उन्हाळी कांदा येईस्तवर हुभा ऱ्हाईन का?” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, औषध लागू पडलं नाही तर थोडेच महिने आहेत.

पण डॉक्टर समजावून सांगणारे होते. त्यांनी विचारलं, “बाबा, मोट हाकलीये कधी?”

“लहानपनी दुसरं काय केलं?”

“मग थकलेला बैल काय करतो? धावाधाव करतो, पण मोट अर्धीच वर येते. तुमचं हृदय तेच करतंय. नाडी बघा, किती पळतेय! आणि न उपसलेलं पाणी पायांत साचतंय. ही गोळी एका झाडाच्या पानापासून होते. तिनं बैल सावकाश चालेल, पण दर खेपेला मोट भरून आणेल. गोळी म्हणजे चाबूक नाही, कासरा आहे. आणि साचलेलं पाणी मूत्रपिंडांनी बाहेर टाकावं म्हणून आठवड्याला एक सुई.” मग मीठ बंद, रोज वजन, आणि गोळीआधी मिनिटभर नाडी. साठाच्या खाली गेली तर गोळी घ्यायची नाही, निरोप धाडायचा. सासऱ्यांकडे घड्याळ नव्हतं. मी माझं मनगटी घड्याळ काढून दिलं.

सुईचा गुण पहिल्याच दिवशी कळला. परतीच्या एस.टी.त भोसरी यायच्या आत गाडी दोनदा थांबवावी लागली. तिसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, “म्हातारबा, गाडी तुमच्याच नावावर करून देऊ का?” सासरे खाली उतरता उतरता म्हणाले, “दम धर राव, आठवड्याचा उपसा हाय!” रोजच्या वजनासाठी ते बाजारातल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसू लागले. दुसऱ्या पारड्यात वजनं चढत आणि भोवती शेतकरी जमत. “आज कितीनं उतरलं?” “दोन शेरानं!” की सगळे खूश. दीड मण चार शेरांवरून सव्वा मण पाच शेरांवर आले तेव्हा त्यांनी पेढे वाटले. वजन घटल्याचे पेढे मी पहिल्यांदाच खाल्ले. वहाणा पुन्हा पायांत गेल्या. अळणी भाकरीबद्दल मात्र ते आमच्या घरी रोज लेकीला विचारत, “ही भाकर हाय का भाकरीचा फोटू?”

दीड महिन्यानंतर ते एका शेतकऱ्याशी भांडले. त्याने पांढरा कांदा आणला होता आणि हे म्हणत होते, “हळद लावून आनलास का रं?” घरी आले तर भिंतीचा चुनाही त्यांना पिवळा दिसत होता. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती, मळमळत होतं. मी विचारलं, “मामा, नाडी मोजली?”

“मोजली की. साठ भरली.”

मी मनगट धरलं. घड्याळाचा काटा फिरून आला. “मामा, ही तर चव्वेचाळीस आहे.”

“व्हय,” ते शांतपणे म्हणाले, “वरचं सोळा आमी घातलं.”

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. गोळी घेतल्यावर ते रोज आणखी अर्धी मोडून घेत होते. वर्ताळा. नुसत्या मापावर भागवणं त्यांना कद्रूपणाचं वाटत होतं. आणि नाडी कमी भरतेय असा निरोप धाडणं तर त्यांच्याच्याने झालंच नसतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून माप कमी भरलं नव्हतं.

मी सायकल काढली आणि डॉक्टरांना घेऊन आलो. येताना त्यांच्या जीपने आलो, सायकल मागे टाकून. सगळं ऐकून डॉक्टर सासऱ्यांच्या उशाशी बसले. रागावले नाहीत. “बाबा, गोळी जास्त झाली की पांढरंही पिवळं दिसतं आणि तोच कासरा बैलाला जागीच थांबवतो. बाजारात तुम्ही वर्ताळा द्या. इथं गुंजभरही नको.” गोळी आठ दिवस बंद झाली. ते आठ दिवस माझी बायको त्यांच्या मनगटावरून हात काढत नव्हती. सेहेचाळीस, पन्नास, चौपन्न. नवव्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, “बासष्ट. रोखठोक हाय, मास्तर. आमचं कायबी न्हाई त्यात.” मग भिंतीकडे बघत म्हणाले, “चुना पांढरा हाय की.”

गोळी पुन्हा सुरू झाली, एकच. उन्हाळी कांदा आला तेव्हा ते तराजूशी उभे होते. पोती दुसरे उचलत. हे नुसती मोजणी म्हणत आणि मूठ टाकत. पुढे तीन उन्हाळे त्यांनी तसे काढले. शेवटच्या उन्हाळ्यात मी म्हटलं, “मामा, डॉक्टरांनी तर मला थोडेच महिने सांगितले होते.” ते हसले. “मला ठावं हाय. तुमचं तोंड बघूनच कळलं हुतं तवा. माप कवाच भरलं मास्तर, ह्यो वरचा वर्ताळा हाय. देनाऱ्यानं आमच्याकडं पाठ करून टाकला.”

मार्गशीर्षात ते झोपेतच गेले. त्या सकाळची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली होती, एकच.

आता शाळेत मी हजेरी घेतो आणि पट मोजताना तोंडातून ‘लाभ’ येतं. मुलं हसतात. घड्याळ माझ्याकडे परत आलं आहे. पट्ट्याला त्यांनी स्वतःच्या मनगटाच्या मापाने एक जास्तीचं भोक पाडलं होतं. ते आहे. घड्याळ चालू आहे.