अशोकची साल-परीक्षा

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी काय केलं? "कोण बोलतंय? नंबर कुठला हा?" असं दरडावून विचारलं. अनोळखी नंबरवर विश्वास ठेवायचा नाही, हे मस्कतमध्ये आम्हाला त्यानंच शिकवलेलं. फोन गाला भागातल्या त्याच्या ऑफिसातून होता... खरा होता.

महिना होत आला, पण अजून पटत नाही. अशोक म्हणजे संशयाचा अर्क. मवालेहच्या बाजारात आंब्याची पेटी तळापर्यंत उपसायचा. "वरचे आंबे दाखवायला असतात रे!" विकणारा "यल्ला, अर्बाब!" म्हणजे 'आटपा, शेठ!' म्हणत वैतागायचा, हा ढिम्म. दर सुट्टीत मात्र हिमालयात भटकायचा आणि तिथल्या झाडांविषयी भरभरून बोलायचा. म्हणूनच मागे एकदा मी त्याला बोलावलं. माझ्या बायकोला, विद्याला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुणा गुरुजीनं भूर्जपत्रावर काढलेलं यंत्र पाठवलं होतं. म्हणे, हे जवळ ठेवा, बीपीची गोळी बंद करा! तिचं बीपी भडकलेलं, आणि ही डॉक्टरचंही ऐकेना. अशोक दार्सैतला आमच्या घरी आला, "चहात बुडवलेला कागद असणार," असं पुटपुटत ते खिडकीपाशी घेऊन गेला. नखानं कड उचलली, तर कांद्यासारखा पापुद्र्यावर पापुद्रा सुटत गेला. अंगावर बारीक आडव्या रेघा, आतून गुलाबी झाक. "वहिनी, साल अस्सल आहे. भूर्जच. डोंगरात झाड असंच ओळखतो आम्ही. पांढरट खोड, लोंबणारी साल, पानांच्या कडा करवतीसारख्या."

विद्यानं माझ्याकडे असं बघितलं, की बस्स! मला तर त्याचा गळाच धरावासा वाटला. अरे बाबा, एकदा खोटं आहे म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? तेवढ्यात तो म्हणाला, "झाड खरं आहे वहिनी, म्हणून गुरुजी खरा होत नाही. गोळी घ्या." आणि तिनं घेतली! नंतर मी कारण विचारलं, तर म्हणे, "अशोकभाऊंना सगळं खोटं ठरवायची एवढी हौस, तरी खऱ्याला खरं म्हणाले ना!"

जायच्या आधीच्या शुक्रवारी तो आमच्याकडे जेवला, तेव्हा छाती चोळत होता. "अ‍ॅसिडिटी आहे वहिनी. खलास, सोडा तो विषय." अशोक म्हणतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? डॉक्टरांनी त्याला हृदयाचं आधीच सांगून ठेवलं होतं, हे तो गेल्यावर कळलं. लबाड! फार राग येतो मला त्याचा... आणि फार आठवण येते.

आता माझा हात नुसता छातीकडे गेला, तरी विद्या समोर येऊन उभी राहते. "काही नाही गं, ढेकर अडकलाय," म्हटलं, तर "अशोकभाऊही असंच म्हणाले होते," म्हणते आणि गाडीची किल्ली शोधायला लागते.