गच्चीवरचे साडभाऊ

माझ्या साडूंचा मला जेवढा हेवा वाटतो तेवढा जगात दुसऱ्या कुणाचाही वाटत नाही, आणि हे म्हणताना मी धाकट्या भावाने हायवेला लागून बांधलेलं दुमजली घरही हिशेबात धरलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडू एकमेकांना साडभाऊ म्हणतात. माणूस जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये, आणि जन्माला आला तो बहुतेक धावतच. त्यांना चालताना मी कधी पाहिलेलं नाही. घरी पाहुणा आला की त्यांची बायको चहाचं आधण ठेवते आणि हे दूध आणायला सुटतात. साखर विरघळायच्या आत पिशवी ओट्यावर हजर. कुणाशी उभ्याने बोलायची वेळ आली तर बोलता बोलता जागच्या जागी पाय हलत राहतात, आणि थोड्या वेळाने ऐकणाऱ्यालाच दम लागतो. माझ्या लग्नाच्या वरातीत ते घोड्याच्या पुढे धावत होते. अख्खं वऱ्हाड त्यांच्याकडे पाहत होतं आणि मी फेटा सावरत, आज नवरदेव नेमका कोण आहे, याचा विचार करत बसलो होतो.

मी पवनीचा, कापडाचा दुकानदार. बसणं हाच माझा धंदा. गादीवर बसून बसून माझा जो आकार झाला आहे तो गिऱ्हाइकांना भरवशाचा वाटतो, बायकोला वाटत नाही. "भाऊजीले पाहा," एवढं बोलून ती गप्प बसते. पुढचं मला पाठ आहे. तिने एकदा तरी माझ्याकडे बघून, भाऊजींकडे बघते तसेच डोळे मोठे करून, "अरे वा" म्हणावं, एवढीच माझी इच्छा. बाकी मला आयुष्यात काही नको होतं.

आणि नेमके आम्ही दोन दिवसांसाठी म्हणून त्यांच्या घरी गेलो असताना सगळा देश बंद झाला. दुकान पवनीत कुलपात, आम्ही जवाहरनगरात. मला मनातून थोडं बरंच वाटलं. म्हटलं, आता कळेल. आता या माणसाला माझ्यासारखं बसावं लागेल, आणि बसण्यात माझ्याशी कोण स्पर्धा करणार!

पहिल्या आठवड्यात त्यांनी भाजीची पिशवी घेतली. भाजी आणायला मुभा होती, म्हणून हे हातात पिशवी घेऊन धावायचे आणि कुणी अडवलंच तर "सांभार आणाले चाललो" म्हणायचे. सांभार म्हणजे कोथिंबीर. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे ते खरोखरच सांभार घेऊन यायचे, सकाळी एक जुडी आणि संध्याकाळी एक. घरात सांभारवडी, सांभाराची चटणी, वरणात सांभार. शेवटी कॉलनीच्या गेटवरच्या माणसाने हात जोडले. "साहेब, तुमच्या घरी माणसं राह्यतात का बकऱ्या?" त्या दिवसापासून पिशवी खुंटीला लागली आणि साडभाऊ घरात धावू लागले. दिवाणाला वळसा घालून स्वयंपाकघर, तिथून मागची बाल्कनी, परत दिवाण. दिवाणावर मी असायचो. दर फेरीला "उठता का साडभाऊ? लय सोपं हाय," असं म्हणून ते जायचे, आणि मी कूस बदलायचो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, आमच्या घरचा पंखा पडेल, अशी तक्रार केली, तेव्हा कुठे ते गच्चीवर गेले.

गच्ची मोठी होती. रोज सकाळी छतावर त्यांच्या पावलांचा धप धप आवाज सुरू व्हायचा आणि माझी बायको चहाचा कप हातात धरून वर बघायची. छताकडे इतक्या कौतुकाने बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी अक्कडसासूंना, म्हणजे बायकोच्या त्याच थोरल्या बहिणीला, हळूच म्हटलं, "काय बाई, यंदा वाळवण नाही करत का? ऊन तर मस्त तापून राह्यलं."

बायकांना एवढं पुरलं. गहू भिजले, चीक निघाला, मोठं पातेलं चढलं. कुरडयांचा सोऱ्या दाबायला दणकट माणूस लागतो, आणि घरात रिकामा दणकट मीच. खांदे भरून आले तरी मी मागे हटलो नाही. कुरडया झाल्या, तांदळाचे पापड झाले, मुगवड्या झाल्या. जुनी लुगडी एकाला लागून एक अंथरून मी ती गच्ची अशी भरवली की चिमणीला पाय ठेवायला जागा राहू नये. मग खाली येऊन दिवाणावर पडलो आणि छताकडे कान लावले.

थोडा वेळ शांतता. मग "अरे वा! केवढ्या झाल्या बाप्पा!" असा साडभाऊंचा आवाज, आणि पुन्हा धप धप. कठड्याच्या कडेने वीतभर वाट होती, तिच्यावरून ते धावत होते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या वाळवणाला कावळ्याने चोच लावली नाही की माकडाने हात लावला नाही. ही बातमी जिन्याने खाली गेली. ज्या बाईंना पंख्याची काळजी होती त्यांनीही आपल्या शेवया वर पाठवल्या, सोबत निरोप: "भाऊले म्हणा, आमच्याकडूनही दोन चक्कर मारा." मी राबलो, घाम गाळला, आणि नाव त्यांचं झालं.

याहून वाईट पुढेच होतं. एका सकाळी मी पडल्या पडल्या ऐकत होतो तर आवाज वेगळा आला. धप धपच्या मागे आणखी एक, हलका, भरभर पडणारा. मी उठून वर गेलो. पदर खोचून माझी बायको साडभाऊंच्या मागे धावत होती, आणि तिची थोरली बहीण सावलीत बसून, काही विशेष घडत नसल्यासारखी, मुगवड्या उलटत होती.

"हे काय चाललं?" मी विचारलं.

"धावून राह्यली," बायको न थांबता म्हणाली. पुढच्या फेरीला म्हणाली, "शाळेत असताना मी तालुक्यात पहिली येत होती."

"मले कधी सांगतलं नाही तू."

ती कठड्याला वळून परत येईपर्यंत मला थांबावं लागलं. "तुमी कधी इचारलं? भाऊजीनं इचारलं, तर सांगतलं."

खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मला साडभाऊंच्या पायांचा हेवा होता. त्या दिवसापासून पोटात जे जळायला लागलं ते वेगळंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझ्या बायकोची गोष्ट या माणसाला धावता धावता कळली होती! प्रवासाचे पास मिळायला लागले तसा मी पहिल्याच दिवशी पास काढला. बायको म्हणाली, "जाऊ न. काय घाई हाय?" मी सामान बांधलं. आमची गाडी निघाली तेव्हा साडभाऊ गेटपर्यंत सोबत धावत आले आणि खिडकीतून मला नाही, तिला म्हणाले, "सोडजो नको."

तिने सोडलं नाही. पवनीत रोज उजाडताना ती गोसीखुर्दच्या रस्त्याने धावायला जाते. सुरुवातीला लोक दुकानात येऊन मला सांगायचे, मी मापाच्या पट्टीकडे बघत "हो, माहीत आहे" म्हणायचो. परत आली की ती आधी जवाहरनगरला फोन लावायची. त्यांचं हसणं ऐकत मी अंथरुणात पडून राहायचो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साडभाऊ दवाखान्यात गेले. परत आले, पण छाती पूर्वीची राहिली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू चाला, धावायचं नाव काढू नका. त्यानंतर आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते, आणि पाय जमिनीवर स्वस्थ होते. इतकी वर्षं मला हेच बघायचं होतं. बघवलं नाही. बायकोने त्यांच्यासमोर धावण्याचा विषयच काढला नाही. आताशा फोनवरही ती त्यांना, घरकामात वेळ मिळत नाही, सुटलं ते, असं सांगत होती.

ती चहा टाकायला आत गेली तसे ते पुढे वाकले. "खरं सांगा साडभाऊ. पोरगी धावते का नाही?"

"धावते."

त्यांचा चेहरा उजळला. "कसी धावते? टाच पहिले टेकते का पंजा?"

मला सांगता येईना. मी त्या वेळी झोपलेला असतो. घराच्या दारातून ती रोज निघते, आणि रस्त्यावर धावताना ती कशी दिसते हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मी नाही पाह्यलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन दमांत म्हणाले, "तुमच्या तर घरची हाय... न तुमी पाह्यत नाही?"

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझं रोजचं होतं. साडभाऊंना माझा हेवा वाटत होता. ज्याची मी वरातीपासून वाट पाहिली ते माझ्या पदरात पडलं, आणि ते कुठे ठेवावं हे मला कळेना.

पवनीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागून निघालो. गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो, बसणं मला जमतंच. धानाच्या बांध्यांवर अजून धुकं होतं. लांबून ती परत येताना दिसली. ओढणी कंबरेला गुंडाळलेली, मान सरळ, आणि चेहरा असा की तो मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडातून "अरे वा" निघून गेलं. ते ऐकायला जवळपास कुणी नव्हतं. मी फोन काढून साडभाऊंना लावला.

"पंजा टेकते, भाऊ," मी म्हटलं. "टाच नाही टेकत."

पलीकडे त्यांचा श्वास जोरात ऐकू येत होता.

"आता कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"बाभळीच्या झाडापाशी."

"फोन ठेवजा नका," ते म्हणाले. "येऊ द्या तिले जवळ."