“रिस्टार्ट करा की!”

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथं ओकतोय.

आमचं सॉफ्टवेअर एका दवाखान्याचे एक्स-रे साठवतं. महिनाभर ते मधेच गोठायचं. पेशंट बाकावर कण्हत बसायचे आणि डॉक्टर रिकाम्या स्क्रीनकडे बघत. आमच्या टीमलीडचं उत्तर ठरलेलं: “रिस्टार्ट करा की! लई खोलात कशाला शिरताय?”

आज सकाळी जुळे सोलापुरातल्या घरी बसून मी ते माझ्या मशीनवर मुद्दाम गोठवलं आणि कोण कुणासाठी अडलंय ते शोधलं.

फाईल हलवताना आमचा प्रोग्रॅम आधी जुन्या फोल्डरला कुलूप लावतो, मग नव्याला. त्याच क्षणी दुसरी फाईल उलट दिशेनं निघाली, की दोघांच्या हातात एकेक कुलूप आणि दोघंही दुसऱ्याची वाट बघत उभे. बोळात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा! “तू घे की मागं!” “मी का घेऊ? तू घे की!”

उपाय साधा. फाईल कुठूनही कुठंही जाऊ दे, कमी नंबरच्या फोल्डरला आधी कुलूप. कोडच्या चार ओळी बदलल्या, गोठणं बंद.

दुपारच्या मीटिंगमध्ये टीमलीड सगळ्यांसमोर हसला. “चारच ओळी? मग महिनाभर काय करत होता?”

मी स्क्रीन शेअर केली. कोडमध्ये त्या कुलपांच्या ओळींच्या वरच त्यानं स्वतः, नावानिशी, टीप लिहून ठेवली होती: ‘इथं कधीतरी अडकणार. अडकलं तर रिस्टार्ट.’

म्हणजे याला पहिल्यापासून माहीत होतं!

मी ते मोठ्यानं वाचलं. त्याचं हसू स्क्रीनवर तसंच गोठलं. तुम्ही काय बोलला असता? मी एवढंच विचारलं, “बोला की सर. का तुम्हालाच रिस्टार्ट करू?”