मांडीत धरलेला क्षार

"चादर काढ गो ताई, चादर लागते," मोहनकाका म्हणाले.

डायलिसिस चालू असताना एसीची थंडी वाजते म्हणून आम्ही पेशंटच्या पायांवर पातळ चादर टाकतो. तीच त्यांना सहन होत नव्हती. मी चादर उचलली, लुंगी बाजूला केली. डाव्या मांडीवर आतल्या अंगाला जांभळट रेघांचं जाळं उठलं होतं. बोट लावलं तर खाली कडक लागलं, वाळलेल्या गिलाव्यासारखं. काका ओरडले. शेजारच्या दोन्ही खुर्च्यांवरचे पेशंट वळून बघायला लागले.

काका जयगडकडचे. उभा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेला. वाफेने भाजलेला दंड दाखवून हसत गोष्ट सांगायचे. आमच्या जाड सुया टोचताना त्यांनी कधी हूं केलं नव्हतं. हा माणूस बोट लावल्याने ओरडला, तेव्हाच मला धास्ती बसली.

मी रत्नागिरीत डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी निकामी झाली की रक्त मशीनमधून फिरवून साफ करावं लागतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीन लावणं, लक्ष ठेवणं, बंद करणं हे आमचं काम. किडनीचे डॉक्टर दर शुक्रवारी कोल्हापूरहून येतात. एरवी एक ड्युटी डॉक्टर आणि आम्ही.

ड्युटी डॉक्टरांनी मांडी पाहिली. इन्फेक्शन धरून अँटिबायोटिक सुरू केलं. दिसायला ते तसंच होतं, त्यांना दोष देणार नाही. पण शुक्रवार उजाडेपर्यंत दुसऱ्या मांडीवरही जाळं आलं आणि पहिल्या मांडीवर मधोमध काळा चट्टा पडला.

कोल्हापूरच्या सरांनी चट्ट्याला हात लावला नाही. बाजूने दाबून पाहिलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. मांडीच्या मांसात जिथे काहीच दिसायला नको, तिथे बारीक पांढऱ्या तारा दिसत होत्या.

"कॅल्सिफायलॅक्सिस," सर मला म्हणाले. मग काकांच्या पत्नी सुलभाकाकींकडे वळून त्यांना समजेल असं बोलले. "काकी, नळाला क्षार धरतो ना, तसं यांच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांना कॅल्शियम धरलंय. नळी बुजली की पुढच्या कातडीला रक्त मिळत नाही. ती मरते. म्हणून काळं पडलंय. घरी कोणकोणत्या गोळ्या घेतात? पिशवी आहे?"

काकी प्रत्येक वेळी पिशवी घेऊनच यायच्या. त्यांनी ती पलंगावर उपडी केली. प्रेशरच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी, जेवणाबरोबर घ्यायची गोळी. तिची बाटली जवळजवळ भरलेली होती. आणि कॅल्शियमची मोठी बाटली. तळाशी चारसहा गोळ्या.

"ही कोणी लिहून दिली?"

"लिहून नाही दिली. मेडिकलमधून आणते. दोन संपल्या, ही तिसरी." काकींनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचे गुडघे दुखायचे. ताईला विचारलं होतं मी."

विचारलं होतं. मला तो दिवस आठवला. एका मशीनचा अलार्म वाजत होता, मी वाकून नळी बघत होते. पाठीमागून काकींनी विचारलं, हाडांसाठी कॅल्शियम दिलं तर चालेल ना? मी मान न वळवता म्हणाले, "चालेल की, चांगलंच असतं." साध्या माणसाला चांगलंच असतं. किडनी गेलेल्या माणसाला नाही.

"हो सर, मीच सांगितलं," मी म्हणाले.

सरांनी मला खुणेने बोलावलं. बाहेर पॅसेजमध्ये म्हणाले, "नुसत्या या गोळ्यांनी हे होत नाही. किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, तो वाढला की कॅल्शियमबरोबर नको तिथे जाऊन बसतो. यांचा फॉस्फरस कधीपासून वर आहे. सुकी मासळी सुटत नाही, फॉस्फरस अडवणारी जेवणातली गोळी घेत नाहीत. गळ्यातल्या ग्रंथी हाडातलं कॅल्शियम ओढून काढतात. रक्त पातळ करायची गोळीही याला हातभार लावते, आणि ती मी चालू ठेवली होती. रिपोर्ट माझ्याही हाताखालून गेलेत."

"पण माझं?"

"तुमचंही आहे," सर म्हणाले. "नाही कशाला म्हणू?"

कॅल्शियम बंद झालं. रक्त पातळ करायची गोळी बदलली. डायलिसिसचे वार वाढवले. क्षार विरघळावा म्हणून एक इंजेक्शन मुंबईहून मागवलं, ते मी मशीन चालू असतानाच हळूहळू द्यायची. काकांना त्याने मळमळायचं. जखमा उघड्या पडल्या. ड्रेसिंगच्या वेळी ते काकींचा हात इतका आवळून धरायचे की त्यांच्या बांगड्या मनगटात रुतायच्या. शेवटी काकी बांगड्या काढून ठेवायला लागल्या. तशाही अवस्थेत एकदा काका मला म्हणाले, "इंजिन असतं तर खोलून साफ केलं असतं गो."

एका दुपारी काकींनी मला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं.

"खरं सांग ताई. मी गोळ्या दिल्या म्हणून झालं का हे? रोज दुधाबरोबर द्यायची. स्वतःच्या हाताने."

सरांनी सांगितलेली सगळी कारणं मला पाठ होती. ती सांगून सुटता आलं असतं.

"कारणं पुष्कळ आहेत काकी. गोळ्या त्यातलं एक," मी म्हणाले. "पण तुम्ही विचारलं होतंत. चुकीचं उत्तर मी दिलं."

 काकींनी ग्लास भरून घेतला आणि त्या आत गेल्या. त्यानंतर काकांची मशीन लावायला त्या दुसऱ्या टेक्निशियनला हाक मारायच्या. मी मध्ये पडले नाही.

जखमांतून इन्फेक्शन रक्तात गेलं. काका आयसीयूत पाच दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी गेले.

महिन्याभराने काकी फाईलच्या झेरॉक्ससाठी आल्या. कागद मीच काढून दिले. त्या खुर्चीवर टेकल्या, कागद नीट लावले आणि म्हणाल्या, "तू खोटं नाही बोललीस, ते बरं केलंस. पण राग आहे माझा तुझ्यावर. जाईल तेव्हा जाईल." अजून गेला की नाही मला माहीत नाही. त्या परत आल्या नाहीत.

आता आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येक पेशंटच्या गोळ्या टेबलावर काढून फाईलशी ताडून बघतात. हे मी सरांच्या मागे लागून सुरू करवलं. पहिल्याच महिन्यात आणखी दोघांकडे न लिहून दिलेलं कॅल्शियम निघालं. एकाला शेजाऱ्याने सुचवलं होतं. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांना आमच्याच युनिटमधल्या कोणीतरी. कोणी, ते त्या बाईंना आठवत नव्हतं. पांढरा कोट होता, एवढंच त्या सांगत होत्या.

माणसं पाटीवरच्या डिग्र्या वाचून विचारत नाहीत. समोर जो कोट दिसेल त्याला विचारतात, आणि घरी जाऊन तो म्हणाला तसंच करतात.