कापराचं अ‍ॅव्हरेज

आमच्या जळकोटात नवी गाडी घेतली तरी पहिला प्रश्न एकच, अ‍ॅव्हरेज किती देते? माझ्या वडिलांना, अप्पांना, या प्रश्नाचा भारी नाद. ते वाढावं म्हणून टाकीत कुणी डांबरगोळ्या टाकायचं, कुणी रॉकेल. अप्पांनी स्वतःचं डोकं चालवलं. रोज पूजेत कापूर जाळणारा माणूस. म्हणाले, "कापूर जळला की राख ऱ्हात न्हाई. मग इंजनात कचरा कुठून होईल?" आणि किराणा दुकानातून मूठभर वड्या आणून त्यांनी मोटारसायकलच्या टाकीत सोडल्या.

अ‍ॅव्हरेज काढायचं तर टाकी फुल करून लांबचा रस्ता धरावा लागतो. उदगीर जवळ पडतं, तेवढ्यात नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते थेट नांदेडला, माझ्या सासरी यायचे.

त्याच वर्षी माझं बाळ पोटातच गेलं होतं. सहावा महिना सरत आला होता. थोडे दिवस माहेरी राहून मी नांदेडला परतले आणि मागोमाग अप्पांची ही गाडी सुरू झाली. आमच्याकडे बापानं लेकीच्या सासरी काम असल्याशिवाय जाऊ नये अशी रीत आहे. अप्पा रीत मोडणारे नव्हेत. ते आपले अ‍ॅव्हरेज काढायला यायचे.

फाटकाशी हॉर्न वाजला की सासूबाई हसत म्हणायच्या, "आले बघ तुझे अ‍ॅव्हरेजवाले." कपाळावरची विभूती घामानं पुसट झालेले अप्पा खुर्चीच्या कडेवर टेकायचे. "गाडी लई हलकी पळायलीय. मागच्या खेपेपेक्षा वाढलं." चहा व्हायचा. मग माझ्याकडे एकदा नीट बघून निघायचे.

मला मात्र मनातून संताप यायचा. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टर, शेजारणी, नणंद, सगळे विचारून गेले, सगळ्यांना मी 'बरी आहे' म्हणून सांगितलं. ज्यांनी विचारावं असं वाटत होतं ते कापराच्या गोष्टी सांगत होते. एकदा मी फटकन बोललेच, "अप्पा, त्या गाडीची तब्येत किती विचाराल?" त्यांनी बशीतला चहा संपवला आणि चप्पल घातली.

पुढच्या खेपेला कंधारच्या पुढे गाडी बंद पडली. कार्बोरेटर चोंदला होता. कापूर विकत आणलेला, त्यात मेण होतं की आणखी काही, देव जाणे. टेम्पोत घालून गाडी माघारी नेली, असं आईनं फोनवर सांगितलं. "आता गप बसतील," ती म्हणाली. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुपार झाली की माझे कान फाटकाकडे लागायचे.

काही दिवसांनी भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "बाहेर कोण उभंय बघ बरं." अप्पा होते. एसटीनं आले होते. हॉर्न नव्हता, फाटक वाजवायचा धीर होत नव्हता, हातात पिशवीसुद्धा नव्हती.

सासूबाईंनी आत बोलावलं. "गाडी कुठंय इवाई?"

"गॅरेजला हाय."

"मग आज काय काम काढलं?"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काम काई न्हाई," ते म्हणाले. "लेकीला बघायला आलो."

सासूबाई चहा टाकायला उठल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. अप्पा बराच वेळ टोपीची घडी नीट करत राहिले. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "लई तरास झाला का गं माय?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं. "हाव," मी म्हणाले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले.