सुटली म्हणावं

कंट्रोलर काकांसमोर ‘बस गेली’ म्हणायची सोय नव्हती. खराडीच्या ऑफिसची बस चुकली की मी स्कूटीची किल्ली घ्यायला धापा टाकत जिना चढायची, आणि काका समोरच्या दारात उभेच असायचे. “काय झालं?” “काय होणार? गेली बस!” “गेली नाही, सुटली म्हणावं. गेली म्हटलं की माणूस हातपाय गाळतो. सुटलेली गाडी कुठेतरी पोचते.” मी ऑफिसला कशी पोचणार, याची मात्र त्यांना काडीची फिकीर नसायची.

स्वारगेट स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कधी सुटणार, हे लाउडस्पीकरवरून सांगायचं काम. ते निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आमच्या कात्रजच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला, तरी काका गॅलरीतून “प्रवाशांनी लक्ष द्यावे” अशीच सुरुवात करायचे. खालून कोणीतरी ओरडायचं, “काका, कितव्या फलाटाला?” त्यावर काका खरोखरच बिल्डिंगचा नंबर सांगायचे.

गणपती, दिवाळी, मे महिना म्हणजे जादा गाड्यांचे दिवस, त्यामुळे काकांना कधी सुट्टी नाही. “साऱ्या पुण्याला यांनी गावाला धाडलं, मला मात्र कुठे नेलं नाही,” असं काकू हसत सांगायच्या, पण ते हसू वरवरचं होतं. त्यांचा प्रवास टीव्हीवरच. त्यातही एकच आवडीचा कार्यक्रम: आफ्रिकेत चाऱ्यापाण्यामागे निघालेले ते दाढीवाले प्राणी, विल्डबीस्ट, हजारोंनी नदी पार करतात तो. तो लागला की काकू फोडणी अर्धवट टाकून बाहेर यायच्या. काकांना त्यातलं निराळंच दिसायचं. “एवढे प्रवासी आणि एक कंट्रोलर नाही!” म्हणून ते हळहळायचे.

मग काकूंना काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेलीच होती. मधली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून काका थेट माझ्या दारात आले. “हिला ती नदी दाखवायची. येत्या ऑगस्टमध्ये. तू कॉम्प्युटरवर बघ,” एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

तयारी म्हणजे काय, अहो, साक्षात वेळापत्रक! जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लाल-निळ्या रेघा मारून त्यांनी सगळं आखलं. शेवटी एकच रकाना रिकामा राहिला, म्हणून मला घेऊन ते टूरवाल्याकडे गेले. “ती जनावरं किती वाजता नदीत उतरतात?” “काका, ते नक्की नाही सांगता येत. कधी सकाळी, कधी चार दिवस उतरतच नाहीत.” “मग तुम्ही इथे बसून करता काय?” काका ताडकन उठले. बाहेर आल्यावर मात्र पायरीवरच टेकले. “हिची नजर थांबायची नाही गं,” ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज पार चिरकला होता. घरी येऊन त्यांनी त्या रकान्यात लिहिलं: ‘आली की’.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात रंगीत तालीमसुद्धा झाली. काकूंच्या गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि समोर दहा पावलांवर हरणं. रखवालदार म्हणाला, “काका, दुर्बीण कशाला? समोरच तर हायेत.” “हरणं दिसतात हो. हिला दुर्बिणीची सवय लावतोय,” काका म्हणाले. काकू लाजून लाल झाल्या होत्या, पण दुर्बीण काही खाली ठेवली नाही.

जुलै उजाडला आणि काकांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात मी भेटायला गेले, तर त्यांनी उशीखालून ती कॅलेंडरची पानं काढून माझ्या हातात दिली. “चार्ज घे. कंट्रोलर आजारी पडला म्हणून गाडी रद्द करत नाहीत.” “काका, काहीतरीच काय! तुम्हीच जाणार आहात.” “ड्युटीवर वाद घालायचा नाही,” ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे काका गेले.

सुतक संपल्यावर काकू म्हणाल्या, “यांनी आखलंय, तर जायचं. येशील?” मी रजा टाकली.

नदीकाठी दोन दिवस आम्ही नुसत्या बसून होतो. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर कळप जमायला लागला. आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काकूंनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. “काळंकाळं हलतंय गं. धूळ दिसते. बाकी काही कळत नाही,” म्हणाल्या आणि दुर्बीण मांडीवर ठेवून दिली. आता कसला चार्ज आणि कसलं काय! मग कुठून आलं कोण जाणे, मी घसा खाकरला आणि म्हणाले, “प्रवाशांनी लक्ष द्यावे...”

काकू दचकल्या. मग डोळे मिटून, कान देऊन बसल्या.

“...पलीकडच्या फलाटावर प्रचंड गर्दी झालेली आहे. दाढीवाले पुढे, मागे चार झेब्रे, बिनआरक्षणाचे. पुढचा एकजण पाण्यापर्यंत आलाय. मागे फिरला. पुन्हा आला. मागून रेटारेटी चाललीय. एका पिल्लाला आईने अंगाशी धरलंय...” आणि पुढच्याने उडी मारली! त्याच्या मागोमाग सगळा काठच पाण्यात कोसळला. माझी घोषणा कुठल्या कुठे राहिली. मी जीपमध्ये उभी राहून ओरडले, “काकू, गेले! गेले हो, गेले!”

काकूंनी चाचपडत माझा हात धरला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“गेले नाही गं,” त्या म्हणाल्या. “सुटले म्हणावं.”