रिव्हर्सने चढलेली गाडी

डोंगरातल्या त्या लष्करी वर्कशॉपला माझी पोस्टिंग आली तेव्हा मी नाईक होतो. ट्रेड, व्हेईकल मेकॅनिक. इतक्या उंचीवर आपल्या भागातलं कोणी नसणार, असं धरूनच मी बॅरॅकमध्ये शिरलो. आत एक जण खाटेवर बसून मिशीला तूप लावत होता.

"कोन्या गावचा?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"वर्धा. नालवाडी."

"मी आर्वीचा. दिगंबर. ये, बस. तूप पाह्यजे काय?"

माझी मिशी तेव्हा उगवावं की नाही या विचारातच होती. तिला तूप लावून उपयोग नव्हता. माझा जळफळाट सुरू झाला तो त्या खाटेपाशी.

वर्कशॉपात एक जुना फोर-बाय-फोर रिकव्हरी ट्रक होता. अडकलेल्या गाड्या ओढून काढायचं काम. त्याचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. क्लचचं पेडल नाही. इंजिनाची ताकद तेलाच्या दाबावर चाकांपर्यंत जाते. तेल कमी पडलं तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. या गिअरबॉक्सचा कोर्स केलेला माणूस आमच्यात एकच. दिगंबर. म्हणून ट्रक त्याच्या ताब्यात. हुद्दा दोघांचा सारखा, पण पाना मागायचा तो आणि द्यायचा मी.

त्याची तपासणी म्हणजे कार्यक्रम असायचा. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढायचा, तेल दोन बोटांत चोळायचा, डोळे मिटून वास घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत आचारी रस्सा चाखतो तसा. जवान भोवती उभे राहायचे.

"लाल हाये. जळका वास नाई. आतल्या प्लेटा जित्या हायेत," तो जाहीर करायचा.

एकदा मीही डोळे मिटून वास घेतला. डोळे उघडले तेव्हा भोवती कोणी नव्हतं.

घरूनही तेच. मी सुट्टीला त्याला एकदाच नालवाडीला नेलं होतं. त्यानं माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, जवसाच्या चटणीची तारीफ केली. झालं. पुढे पार्सल यायचं त्यात चटणीचे दोन डबे. मोठ्यावर चिठ्ठी, 'दिगंबर भाऊजींसाठी'. लहान डब्यावर चिठ्ठीच नाही.

"काऊन वं, मी कोन हाये?" मी फोनवर विचारलं.

"तुम्ही घरचेच," सुनंदा म्हणाली. "त्यायची तब्येत कशी हाये?"

आठवड्यातून एकदा मेंटेनन्स परेड व्हायची. सगळ्या गाड्या एका रांगेत, बॉनेट उघडे, इंजिन बंद. सुभेदार साहेबांची शिट्टी वाजली की सगळ्या डिपस्टिक एकाच वेळी बाहेर. दिसायला फार सुंदर. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बघायचं ते इंजिन चालू ठेवून, गरम असताना, न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद केलं की वर चढलेलं तेल खाली उतरतं आणि पातळी खोटी भरलेली दिसते.

त्या आठवड्यात दिगंबरनं ते तोंडावर सांगितलं. "साहब, ये गाड़ी स्टार्ट करके देखनी पड़ेगी."

"परेड में इंजन बंद रहेगा. सबका."

"साहब, तेल कम हुआ तो..."

"डिपस्टिक क्या बोलती है?"

"फुल, साहब."

"तो फुल है. मूँछ से मत सोचो."

रांगेत हसू फुटलं. खरं सांगतो, मलाही गार वाटलं. डिपस्टिक फुल म्हणून त्या आठवड्यात जादा तेलाचा कॅन ट्रकला मिळाला नाही.

दोनच दिवसांनी, सकाळी, ऑर्डर आली. वरच्या पोस्टवरून एका जवानाला खाली आणत होते. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेलं. त्याला लवकरात लवकर खाली उतरवणं हाच इलाज. त्याची ॲम्ब्युलन्स वाटेतल्या नाल्यात मधोमध अडकली होती. तिथले नाले बर्फ वितळून उन्हाबरोबर फुगतात. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी माणूस उचलून नेतं. रस्ता तेवढा एकच.

आम्ही निघालो. दिगंबर व्हीलवर, मी बाजूला, मांडीवर वायरलेस सेट. सपाटीवर ट्रक छान चालला. नाल्याच्या अलीकडे एक उभा चढ आहे. चढ लागला आणि इंजिन किंचाळलं. चाकं थंड. ट्रक मागे सरकायला लागला. दिगंबरनं ब्रेक मारले. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. तो ट्रक तसाच हळूहळू मागे उतरवत पायथ्याच्या मोकळ्या जागेत आला.

सेट बोलला. "रिकव्हरी, लोकेशन बताओ. ओव्हर."

"चढाई के नीचे. गाड़ी पकड़ नहीं रही. ओव्हर."

"पानी एक्सल तक आ गया. मरीज़ की साँस ठीक नहीं. जल्दी करो. ओव्हर."

दिगंबरनं इंजिन चालूच ठेवलं, न्यूट्रल घातला, डिपस्टिक काढली. फक्त टोक ओलं. त्यानं वास घेतला. या वेळी डोळे उघडेच होते.

"लाल हाये. जळलं नाई. पन तेलच नाई बे."

मी गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सकडून तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारा पाइप चॅसीवर घासून चिरला होता. तेल ठिबकत होतं. ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली, वरून तार आवळली. गळती थांबली. पण गेलेलं तेल आणायचं कुठून? पाठीवर पडून मी वर बघत होतो आणि ट्रकनं काय केलं ते आठवत होतो. सपाटीवर पकडला. चढावर सोडला.

"दिग्या," मी खालूनच ओरडलो, "नाक वर झालं की तेल मागं पळून राह्यलं. पंपाचं तोंड समोर हाये. त्याले हवाच भेटते."

वरून बॉनेट आपटल्याचा आवाज आला. मग दिगंबरचे बूट जमिनीवर आदळले.

"मंग नाकच खाली करू."

"म्हनजे?"

"रिव्हर्समंदी चढवतो. नाक खाली राहीन, तेल पंपाकडं येईन."

"येड लागलं काय? एका बाजूनं दरी हाये."

"तू कायले हायेस? मागं उभा राय. हात दाखव. मी तुले सोडून कोनाकडंच पाहात नाई."

मोकळ्या जागेत त्यानं ट्रक फिरवला. फोर-व्हील लो, रिव्हर्स. मी चढावर पाठमोरा चालत होतो आणि ट्रकचा मागचा भाग माझ्या अंगावर येत होता. डावा हात, थोडं डावीकडे. दोन्ही हात, सरळ. मूठ, थांब. आरशात फक्त त्याचे डोळे दिसत होते. इंजिन एकदाही किंचाळलं नाही. एका वळणावर मागचं चाक काठापासून वीतभर राहिलं. मी मूठ वर केली. ट्रक जागच्या जागी थांबला. मी हात डावीकडे हलवला. ट्रक डावीकडे आला. माझं म्हणणं दिगंबरनं बिनशर्त ऐकलं ते त्या एकाच चढावर.

वर पोचलो. पुढे सपाटी होती, मागचं तोंड नाल्याकडेच होतं. ट्रकच्या मागच्या ओढयंत्राचा, विंचचा, दोर मी कमरेएवढ्या पाण्यातून नेऊन ॲम्ब्युलन्सला लावला. दिगंबरनं ओढली. आतला जवान शुद्धीवर होता. त्यानं धापा टाकतच अंगठा वर केला. परतीला उतार, नाक खालीच. ट्रक शहाण्यासारखा उतरला.

सेटवर मेजर साहेबांचा आवाज आला. "वेल डन, दिगंबर. आउट."

दिगंबर. आउट. मी ओल्या पँटीत बसलो होतो. दिगंबरनं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "मुरल्या, आयकलं काय? पुन्हा एकदा सांगू काय साहेबाले म्हनायले?"

"गाडी चालव."

त्याला शाबासकीचं कमेंडेशन कार्ड मिळालं. मला पाण्यामुळे सर्दी मिळाली. सुनंदानं ती बातमी ऐकून पुढच्या पार्सलला त्याचा डबा आणखी मोठा केला.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मेजर साहेबांनी मला बोलावलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. खाली, सपाट मुलखात. मी सलाम ठोकला. साहेब हसत होते.

"दिगंबर चार बार आया मेरे पास. बोला, साहब, उस दिन तेल का उसी ने पकड़ा था. उसको कोर्स पर भेजो, नहीं तो वो मुझे एक दिन खा जाएगा."

निघताना तो ट्रकजवळ उभा होता.

"शिकून येजो," तो म्हणाला. "मंग पाना मी देईन."

कोर्सचा पहिला धडा, इंजिन चालू, तेल गरम, गिअर न्यूट्रल, मग डिपस्टिक. मी तो सगळ्यात आधी सांगितला. इन्स्ट्रक्टरनं शाबासकी दिली. कळवायचं ठरवलं होतं त्याला. त्याआधी युनिटचा फोन आला. त्याच चढावर बर्फ सरकला होता. एक गाडी अडकली म्हणून दिगंबर ट्रक घेऊन गेला होता. मागे हात दाखवायला दुसरा जवान होता. तो जवान तेवढा वाचला.

मी परत गेलो तेव्हा बर्फातून काढलेला ट्रक माझ्या ताब्यात आला. मला हवा होता तसाच.

आता मी नालवाडीला असतो. गेल्या महिन्यात माझ्या साळ्यानं जाम गावच्या चौफुलीवर गाड्या ओढायच्या धंद्यासाठी एक जुना फोर-बाय-फोर घेतला. ऑटोमॅटिक. तो ट्रक पुलाच्या चढावर पकड सोडायचा. साळा डिपस्टिक दाखवत म्हणाला, "भाऊजी, तेल तर फुल हाये."

"इंजिन चालू कर आन् मंग पाह्य," मी म्हणालो.

टोक ओलं. तेल चोळलं, वास घेतला, डोळे मिटून. लाल, जळलेलं नाही. पाइप शोधला, बदलला, तेल भरलं. ट्रक पूल चढला. चौफुलीवरच्या चहावाल्यानंही टाळी वाजवली. मिशीला पीळ द्यायला माझा हात आपोआप गेला. मिशी अजूनही यथातथाच.

सुनंदा सोबत होती. म्हणाली, "दिगंबर भाऊजी असते तर नुसत्या आवाजावरून सांगतलं असतं."

त्याला आता पन्नाशी नाही, चष्मा नाही, गुडघे दुखत नाहीत. मिशी काळीच राहणार. या माणसाशी बरोबरी करणं शक्य नाही, हे मी मान्य केलेलं आहे. सुखानं नाही, पण केलं आहे.

काल सुनंदानं जवस भाजले. दर वर्षी याच दिवसांत भाजते. आज सकाळी मी एसटीनं आर्वीला निघालो आहे. दिगंबरची आई वाट बघत असते. पिशवीत चटणीचा डबा आहे. घरी माझ्यासाठीही एक ठेवलाय.

मोठा पिशवीत आहे.